रांगेला नंबर : कोल्हापुरातल्या एका फौंड्रीची नोंदव्यवस्था कशी बदलली

पार्श्वभूमी

कोल्हापूरचा फौंड्री उद्योग ऑइल इंजिनांच्या जोरावर उभा राहिला. विहिरींवर विजेचे पंप बसले, इंजिनांची मागणी ओसरली आणि उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावचे कारखाने वाहनांच्या सुट्या भागांकडे वळले. इथे जिची हकिगत आहे ती फौंड्री दुसऱ्या पिढीची. मालकांच्या वडिलांनी कोकवर चालणाऱ्या क्युपोला भट्टीवर सुरुवात केली होती, आता विजेवरच्या दोन इंडक्शन भट्ट्या आहेत. ट्रॅक्टर आणि मालवाहू गाड्यांसाठी ब्रॅकेट, हब, हाउसिंग असे भाग इथे ओतले जातात, काही साध्या ग्रे आयर्नचे (नेहमीच्या ओतीव लोखंडाचे), काही एसजी आयर्नचे (ज्यात ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असतं अशा जास्त चिवट लोखंडाचे). वार्षिक उलाढाल १० ते २० कोटींच्या दरम्यान. नाव आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. या कामात मी बाहेरचा सल्लागार म्हणून सुरुवातीपासून होतो.

संगणक इथे नवा नव्हता. १ जुलै २०१७ला जीएसटी आला तेव्हाच बिलिंग पूर्णपणे टॅलीवर गेलं. २०१९मध्ये एका मोठ्या ग्राहकाच्या ऑडिटमध्ये ‘सिस्टिम कुठली वापरता?’ असा प्रश्न आला आणि त्याच वर्षी संपूर्ण ईआरपी (सगळ्या विभागांच्या नोंदी एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) विकत घेतली गेली : खरेदी, स्टोअर, उत्पादन, गुणवत्ता, कॉस्टिंग (खर्चाचा हिशोब), सगळी मॉड्युल्स. ऑगस्टमध्ये महापूर आला, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला आणि प्रशिक्षण अर्धवट राहिलं. पुढच्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. १ एप्रिल २०२०पासून वाहनांच्या धुराचे बीएस-६ नियम लागू झाल्यावर काही जुने भाग कायमचे बंद पडले, त्यांच्या जागी नवे आले आणि ईआरपीत भरलेली भागांची यादी शिळी झाली.

सगळ्या पडझडीतून खरेदी आणि स्टोअर ही दोन मॉड्युल्स टिकली. उत्पादनाची नोंद मात्र पूर्वीसारखी वह्यांतच राहिली. मेल्टिंगची एक वही, मोल्डिंगची (सँडचे साचे करण्याच्या कामाची) दुसरी, फेटलिंगच्या (ओतलेले नग घासून साफ करण्याच्या) ठेकेदाराची तिसरी, डिस्पॅचच्या क्लार्कची चौथी. या चारही वह्या दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात येत आणि संगणकावर बसणारा मुलगा त्यांतले आकडे ईआरपीत भरे. मोल्डिंगचे नग आणि फेटलिंगचे नग जुळले नाहीत, की तो फोन करून विचारे आणि जो आकडा सांगितला जाई तो टाकून मोकळा होई. पडद्यावर सगळं जुळलेलं दिसायचं.

अडचण

२०२२च्या उन्हाळ्यात पुण्याकडच्या ग्राहकाच्या असेंब्ली लाइनवर एसजी आयर्नचे दोन ब्रॅकेट बोल्ट आवळताना तुटले. तुटलेली पृष्ठं तपासली तर ग्रॅफाइटचे गोळे नीट बनलेले नव्हते.

इथे थोडं तंत्र सांगितलं पाहिजे, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर उभे आहेत. एसजी आयर्नची ताकद वितळलेल्या लोखंडात मिसळलेल्या मॅग्नेशियममुळे येते. मॅग्नेशियम सुमारे १,०९० अंश सेल्सिअसला उकळतं आणि लोखंड त्याहून कितीतरी जास्त गरम असतं, म्हणजे मिसळल्या क्षणापासून ते उडून जायला लागतं. त्यामुळे लॅडलमधलं (भट्टीतून घेऊन ओतायच्या भांड्यातलं) मेटल काही मिनिटांत ओतून संपवावं लागतं. उशीर झाला, तर त्याच लॅडलचे पहिले मोल्ड उत्तम निघतात आणि शेवटचे ठिसूळ. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

ग्राहकाने पहिला प्रश्न विचारला तो असा : हे दोन नग कुठल्या हीटचे (भट्टीच्या कुठल्या घाण्याचे), आणि त्या हीटचे बाकीचे नग आत्ता कुठे आहेत? चोवीस तासांत उत्तर हवं होतं.

उत्तर कुणाकडेच नव्हतं. मेल्टिंगच्या वहीत हीट नंबर होता, मोल्डिंगच्या वहीत मोल्डची संख्या होती, डिस्पॅचच्या वहीत गाडीचा नंबर आणि नग होते. पण नॉकआउटला, म्हणजे नग बाहेर काढायला, मोल्ड फुटले, की तीन-चार हीटचे नग एकाच ढिगात पडत आणि तिथून पुढे ते फक्त ‘ब्रॅकेट’ असत. कास्टिंगवर, म्हणजे ओतलेल्या नगावर, ओतल्याचा महिना होता, हीटची खूण नव्हती. शेवटी ग्राहकाकडचा, उद्यमनगरातल्या मशीन शॉपकडचा आणि स्वतःच्या गोदामातला अख्खा साठा अल्ट्रासॉनिक तपासणीला घालावा लागला. तपासणी करणाऱ्या बाहेरच्या संस्थेचं बिल फौंड्रीने भरलं. खराब निघालेले नग साठ्याच्या मानाने अगदी मोजके होते आणि सगळे बहुधा एकाच लॅडलचे होते. ‘बहुधा’ म्हणावं लागतं, कारण ते सिद्ध करण्याचा कुठलाच मार्ग हातात नव्हता.

पर्याय

जूनमध्ये मालक, त्यांचा मुलगा (कारखान्यात सगळे त्याला दादा म्हणतात), क्वालिटीच्या मॅडम आणि मी बसलो. चार वाटा समोर होत्या.

दादांचं मत ईआरपीचं उत्पादन मॉड्युल नेटाने चालू करण्याकडे होतं. पैसे भरून झालेत, ट्रेसेबिलिटीची (नगाचा माग काढण्याची) सोय त्यात आहे, विक्रेत्याला बोलावून प्रशिक्षण पूर्ण करून घेऊ. मालकांचा कल ईआरपी सोडून देऊन टॅलीला जोडणारं स्थानिक सॉफ्टवेअर करून घेण्याकडे होता. मॅडमचं म्हणणं होतं की आणखी एक माणूस नेमा आणि त्याच्याकडे फक्त नगांचे ढीग वेगळे ठेवण्याचं काम द्या. चौथा पर्याय असा : सगळ्या कारखान्याचा विचार बाजूला ठेवायचा आणि फक्त एक धागा पकडायचा, भट्टीपासून गाडीपर्यंत प्रत्येक एसजी नगाची ओळख. त्यासाठी जे लागेल तेवढंच करायचं, साधन अगदी मोबाइलवरची स्प्रेडशीट असली तरी चालेल.

पहिल्या दोन पर्यायांतली खोट सारखीच होती. माहिती जिथे जन्मते तिथे, म्हणजे भट्टीजवळ, ती वेगळी ठेवली जातच नव्हती. ढीग एकत्र झाल्यावर जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर तो वेगळा करू शकत नाही. तिसरा पर्याय काही आठवडे करून पाहिला. दिवसपाळीत ढीग वेगळे राहिले, पण तेव्हा विजेचा दर रात्री कमी असल्याने इथलं बरंचसं मेल्टिंग रात्रपाळीत व्हायचं, आणि तिथे तो टिकला नाही.

चौथा पर्याय ठरला. पण तो कसा राबवायचा याचं उत्तर त्या बैठकीतल्या कुणाला सुचलं नाही. आमचा सगळा विचार ‘हीट नंबर कास्टिंगवर कसा आणायचा’ इथेच अडकला होता. मोल्डिंगचे सुपरवायझर अण्णा, तीस वर्षं याच शेडमध्ये काम केलेले, यांना चहाच्या वेळी विचारलं तेव्हा ते म्हणाले, “मोल्ड आधी भरत्यात, मेटल मागनं येतंय. मग हीटचा नंबर मोल्डात आधी कसा घालणार? रांगेला नंबर द्या की. रांग काय हलत न्हाई.”

मोल्ड जमिनीवर रांगेने मांडलेले असतात. रांगेचा नंबर मोल्ड बंद करण्याआधी सँडमध्ये शिक्क्याने दाबायचा, म्हणजे तो कास्टिंगवर उठून येतो. मेटल ओतताना फक्त एवढंच लिहायचं, की या रांगेत या हीटची ही लॅडल ओतली. हीट आणि नग यांची गाठ कागदावर पडते आणि नगावर कायमची खूण राहते. लॅडल रांगेच्या मध्येच संपली, तर ‘रांग तुटली’ असं लिहून कितव्या मोल्डला तुटली तो आकडा टाकायचा. अशा रांगेचे सगळे नग दोन्ही लॅडलचे समजायचे.

अण्णांना जूनमधल्या त्या बैठकीला बोलावलं असतं, तर दोन महिने वाचले असते. कारखान्यात ‘सिस्टिम’चा विषय निघाला की तो ऑफिसचा विषय समजला जातो. ही सवय या एकाच फौंड्रीची नाही.

नोंद कुणी आणि कुठे करायची

सुरुवातीला दादांनी भट्टीजवळ टॅब्लेट बसवून पाहिला. हातात मोजे, हवेत धूळ, समोर धग. आठवडाभरात पडदा काळा झाला आणि तो कपाटात गेला.

मग क्वालिटीच्या मॅडमनी एक गोष्ट दाखवून दिली. प्रत्येक हीटचा एक नमुना, रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा धातूचा तुकडा, रासायनिक तपासणीसाठी स्पेक्ट्रोच्या (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्राच्या) खोलीत जातोच. ते यंत्र नाजूक असल्यामुळे त्या खोलीत एसी आहे, स्वच्छता आहे, संगणक आहे आणि तिन्ही पाळ्यांत एक शिकलेला मुलगा बसलेला असतो. ओतणाऱ्या टोळीच्या हेल्परने छापील कार्डावर रांग, लॅडल आणि ओतण्याची वेळ पेन्सिलने लिहायची आणि पुढच्या हीटचा नमुना नेताना ते कार्ड आत द्यायचं. आतल्या मुलाने ते लगेच शीटमध्ये भरायचं. कुणालाही जास्तीची चक्कर मारावी लागली नाही. या एका बदलाने नोंद दुसऱ्या दिवसावरून त्याच तासावर आली, आणि माझ्या मते सगळ्या कामातला सर्वांत मोलाचा तांत्रिक निर्णय हाच होता. त्यात नवं यंत्र एकही नव्हतं.

ई-इन्व्हॉइसने दाखवलेली गोष्ट

हे चालू असतानाच १ ऑक्टोबर २०२२पासून १० कोटींवर उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइस बंधनकारक झालं. सरकारी पोर्टलवरून आयआरएन (बिलाचा नोंदणी क्रमांक) आणि क्यूआर कोड मिळाल्याशिवाय बिल ग्राह्य नाही, आणि तसं बिल असलेली गाडी ग्राहक आत घेणार नाही. ऑफिसात पहिले चार दिवस गोंधळ झाला, पिनकोड आणि मालाच्या वर्गवारीच्या एचएसएन कोडच्या चुका निघाल्या, दोन गाड्या उशिरा सुटल्या. पाचव्या दिवसापासून सगळं सुरळीत. ज्या क्लार्कला ईआरपीत नोंद करायला तीन वर्षं सवड मिळाली नव्हती, तेच गृहस्थ आठवड्यात ई-इन्व्हॉइस काढायला शिकले.

मालकांनी हे बारकाईने पाहिलं. तिकडे रांगेच्या नोंदी होत होत्या, पण डिस्पॅचला कुणी त्या वापरत नव्हतं. क्लार्क आधी आपली वही भरत आणि वेळ उरला तर शीट. दोन्ही नोंदी शेजारी शेजारी चालू होत्या आणि वही ही सगळ्यांची सुटकेची वाट होती. मालक म्हणाले, “क्यूआरशिवाय गाडी जात नाही, मग रांगेशिवाय का जाते?”

त्यानंतर नियम झाला : प्रत्येक पेटीवर रांगेचे नंबर लिहिल्याशिवाय एसजीच्या गाडीचं बिल काढायचं नाही.

जानेवारीतली एक रात्र

नियम झाला तरी तो पाळला जाईल यावर कुणाचा विश्वास नव्हता, आणि २०२३च्या जानेवारीत कसोटीची वेळ आली. रात्री साडेनऊला पुण्याची गाडी भरून उभी होती. सहा पेट्यांवर नंबर नव्हते. फेटलिंगच्या टोळीने नग घासून थेट पेटीत टाकले होते. ग्राहकाच्या लाइनला सकाळी माल लागणार होता, लाइन थांबली तर दंड बसतो. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. दादा म्हणाले, आजच्या दिवस जाऊ द्या, उद्यापासून कडक करू.

मालकांनी गाडी थांबवली. सहा पेट्या उतरवल्या, शेडमधल्या दिव्याखाली ताडपत्रीवर रिकाम्या केल्या आणि स्वतः खाली बसून नगांवरचे नंबर वाचायला लागले. अण्णा आले, फेटलिंगचा ठेकेदार आला, क्लार्क वही बाजूला ठेवून आले. नग रांगेनुसार लावून पेट्या पुन्हा भरायला मध्यरात्र उलटली. गाडी सकाळी उशिरा पोचली, ग्राहकाचा रागाचा फोन आला, दंड मात्र लागला नाही. लागला असता तरी मालकांनी तो भरला असता असं मला वाटतं.

हा निर्णय धोक्याचा होता हे मान्य केलं पाहिजे. मोठा दंड बसला असता, तर सगळं काम त्याच रात्री बंद पडलं असतं. कडक नियमाची सुरुवात तातडी नसलेल्या एखाद्या ग्राहकाच्या गाडीपासून करता आली असती, आणि दुसऱ्या कुणाला मी तसंच सुचवीन. पण त्या रात्रीनंतर डिस्पॅचची वही आपोआप मागे पडली, हेही खरं आहे.

जिथे सगळं बिघडू शकलं असतं

फेब्रुवारीत रांगेचे नंबर अस्पष्ट यायला लागले. कधी शिक्का अर्धाच दाबलेला, कधी दोन रांगांना एकच नंबर. मॅडमना वाटलं शिक्के झिजले. नवे केले, तरी तेच.

कारण वेगळंच होतं. मोल्डिंगचं काम ठेकेदारीवर, दर मोल्डमागे पैसे. सँड गळाल्यामुळे नग खराब निघाला तर ती रक्कम ठेकेदाराच्या बिलातून कापली जाते. पूर्वी नेमका कुणाचा मोल्ड खराब होता ते कळत नसे, म्हणून महिन्याच्या शेवटी अंदाजाने, बोलाचालीने कपात ठरे. आता प्रत्येक नगावर रांग आणि प्रत्येक रांगेमागे मोल्ड भरणाऱ्यांची एक जोडी. जानेवारीच्या बिलात अकाउंट्सने परस्पर या नोंदींवरून कपात केली होती. कुणी मुद्दाम सांगितलं नव्हतं. आकडा मिळाला म्हणून वापरला गेला. ज्या माणसांनी उन्हाळ्याच्या धगीत वाकून शिक्के दाबायचे, त्यांच्याच पगारावर तो शिक्का उठत होता. त्यांनी तो पुसट दाबला, यात मला नवल वाटलं नाही.

बैठक शेडमध्येच झाली. दादांचा मुद्दा असा, की चूक कळते आहे तर तिचे पैसे कापण्यात गैर काय? अण्णांनी शांतपणे विचारलं, की सँडमध्ये ओलावा जास्त असला तर तो मोल्ड भरणाऱ्याचा दोष की सँड प्लँटचा? त्याचं उत्तर नोंदीत नव्हतं. मालकांनी जानेवारीची कपात परत केली आणि रांगेची नोंद बिलासाठी वापरायची नाही असं फळ्यावर लिहून सही केली. कपात पूर्वीसारखी बोलूनच ठरेल. दोन आठवड्यांत शिक्के पुन्हा स्वच्छ उठायला लागले.

वेगळं काय करता आलं असतं, याचं माझं पहिलं उत्तर हे आहे. नोंदीचा उपयोग कशासाठी होणार आणि कशासाठी होणार नाही, हे पहिला शिक्का दाबण्याआधी, ज्यांच्या कामाची नोंद होणार त्यांच्यासमोर, लेखी ठरायला हवं होतं. सॉफ्टवेअरच्या करारावर महिनाभर चर्चा झाली होती. या प्रश्नावर कुणी पाच मिनिटंही बोललं नव्हतं.

परिणाम

२०२३च्या पावसाळ्यात दुसऱ्या एका ग्राहकाकडून हबमध्ये पोकळी सापडल्याची तक्रार आली. फोटोत रांगेचा नंबर दिसत होता. स्पेक्ट्रोच्या खोलीतल्या मुलाने शीट उघडून हीट, लॅडल, वेळ आणि त्या रांगेचे नग कुठल्या तीन पेट्यांत गेले ते जेवणाच्या सुट्टीआधी सांगितलं. तेवढ्याच पेट्या परत आल्या. गेल्या वेळची बाहेरची तपासणी, तिचं बिल, अख्खा साठा अडकणं, यांतलं काही करावं लागलं नाही.

ज्याची अपेक्षा नव्हती असा फायदा आतच निघाला. ओतण्याची वेळ नोंदली जात असल्यामुळे मॅडमना दिसलं की कमी दर्जाचे एसजी नग पाळी बदलण्याच्या सुमाराला जास्त असतात. त्या वेळी ओतणारी टोळी बदलते, लॅडल थोडा वेळ थांबून राहते आणि मॅग्नेशियम उडून जातं. पाळी संपण्याआधीची शेवटची एसजी हीट बंद करून तिथे ग्रे आयर्न ओतायचं ठरलं आणि एसजीसाठी लहान लॅडल आणली. या दोन्ही बदलांना बैठक लागली नाही. फळ्यावर लिहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. उत्पादनाचा क्रम असा एका दिवसात बदलता येतो, हे या कारखान्याने पूर्वी पाहिलं नव्हतं.

काही गोष्टी मात्र तशाच राहिल्या. ईआरपीचं कॉस्टिंग मॉड्युल आजही रिकामं आहे आणि वार्षिक देखभालीचे पैसे दरवर्षी जातात. त्यावर मालक आणि दादांचं एकमत झालेलं नाही. माझ्या मते खरेदी-स्टोअरपुरता करार नव्याने करून घ्यावा.

सर्वांत मोठं भगदाड जॉबवर्कला (बाहेरून करून घेतलेल्या कामाला) आहे. मशीनिंगसाठी उद्यमनगरात गेलेला माल कायद्याने वर्षाच्या आत परत यावा लागतो आणि त्याचा हिशोब आयटीसी-०४ या जीएसटीच्या फॉर्ममध्ये द्यावा लागतो, त्यामुळे नगांची संख्या जुळते. ओळख जुळत नाही. दोन भागांवर रांगेचा नंबर नेमका मशीनिंग होणाऱ्या पृष्ठावर येतो आणि लेथवर तो साफ निघून जातो. शिक्क्याची जागा हलवायची तर ग्राहकाच्या ड्रॉइंगमध्ये बदल आणि नव्याने मंजुरी लागते. एका भागाची मंजुरी आली आहे. दुसऱ्याची अजून आलेली नाही, म्हणून तो भाग मशीन शॉपमध्ये रांगेनुसार वेगळ्या क्रेटमध्ये ठेवायला सांगितला आहे, आणि आठवड्यातून एकदा अण्णा स्वतः जाऊन क्रेट बघून येतात.